समुद्रात असलेल्यांनी परत यावे

नव्वदच्या दशकात काही वर्षं मी रेडिओवर संध्याकाळच्या प्रादेशिक बातम्या वाचत असे, आणि बातम्या संपल्या की शेवटी हवामान. कायमची नोकरी नव्हती ती. मी हंगामी निवेदिका. महिन्याला मिळतील तेवढ्या ड्यूट्या करायच्या आणि पुढच्या महिन्यात बोलावतात का याची वाट बघायची. नेरूळला तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघीच राहायचो, आई आणि मी. वडील वारल्यावर दादरची भाड्याची खोली सोडून आई इकडे आली होती, आणि इकडच्या वाऱ्याला रोज नावं ठेवत होती.

बिल्डिंगमध्ये माझ्या उच्चारांचं, आवाजाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. मी पावसाची बाई होते. गच्चीवर गाद्या घालायच्या आधी बायका आईला विचारायच्या, "काकू, उद्या कसं आहे?" आईसुद्धा अशी की रेडिओ ऐकून आलेलं ज्ञान स्वतःचं असल्यासारखं वाटायची. आणि मग भांडणं. कारण आमच्या मजकुरात एक वाक्य कायम असायचं: कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता. तुरळक ठिकाणी, म्हणजे थोड्याच जागी, पण जिथे पडेल तिथे धो धो. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र "तुरळक" तेवढं शिरायचं आणि बाकीचं वाहून जायचं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा भिजलेली उशी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "तुमची मुलगी तुरळक म्हणाली होती." आई म्हणाली, "ती वाचते हो फक्त. पाडत नाही." मला हसू आलं, पण वहिनी पुढे आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी सांगतेय तो आठवडा ऑक्टोबरातला. दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती, लोकांनी घरं झाडायला काढली होती, आणि पाऊस गेला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पाऊस परत आला. परतीचा पाऊस म्हणतात त्याला, पण एरवी तो दुपारी गडगडाट करतो, तासभर पडतो आणि जातो. हा तसला नव्हता. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि तो हलायचं नाव घेत नव्हता. पहिल्या दिवशी नुसता वारा. आमच्या समोर एक नवी बिल्डिंग उठत होती, तिच्या परांचीवरची गोणपाटं फाटून आमच्या बाल्कनीत आली. सोसायटीच्या टाकीचं झाकण उडालं आणि सापडलंच नाही. शेजारी साताऱ्याकडचं एक कुटुंब होतं, त्यातला माणूस वाशीच्या मार्केटला माथाडी होता. तो म्हणाला, कांद्याच्या गोणी झाकायला ताडपत्र्या धरून ठेवायला माणसं लावलीत, ओझी उचलायला कुणी राहिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पाऊस आडवा यायला लागला. खिडक्या बंद असूनही जमीन ओली. आई टॉवेल पिळत होती आणि दर पिळीला म्हणत होती, "हे काय राहायचं ठिकाण आहे?"

आम्हाला मासे देणारी एक मावशी होती. नेरूळच्याच खाडीकाठच्या गावातली, वयानं चाळिशीची. एक दिवसाआड पाटी घेऊन यायची आणि आमच्या जिन्याखाली बसायची. मी दिसले की मोठ्यानं ओरडायची, "ये रेडिओवाली बाय, बांगडा घे. ताजा हाय, तुझ्या बातमीवानी शिला नाय." सगळ्या बायका खिदळायच्या. मी चिडायची, आणि बांगडे घ्यायची. भाव करण्यात माझा हात कुणी धरत नसे असा माझा समज होता. ती मला दर वेळी गंडवायची हे आईनं नंतर सांगितलं.

तिच्या घरची हकीकत आम्हाला माहीत होती, कारण मावशी ती पाटीबरोबर सगळ्यांना वाटायची. नवरा पूर्वी खाडीत मासेमारी करायचा. खाडीत आता काही लागत नाही म्हणून नारळी पुनवेनंतर तो तिच्या भावाच्या होडीवर जायचा. भाऊ उरणचा, स्वतःची मोठी होडी, स्वतःच तांडेल, म्हणजे होडीवरचा प्रमुख. बर्फ भरून निघाले की आठ-दहा दिवस समुद्रातच. "सासर नि माहेर एकाच होडीन बसवलाय मी," असं ती म्हणायची आणि स्वतःच्याच विनोदावर हसायची.

वाऱ्याच्या त्या आठवड्यात ती आली नाही, आणि त्यात नवल काही नव्हतं. मग एका दुपारी आमच्या दाराची कडी वाजली. दारात मावशी. पाटी नाही. डोक्यावरून घेतलेला प्लॅस्टिकचा कागद गळत होता. ती कधीच जिना चढून वर येत नसे. पायऱ्यांना वास लागतो म्हणून कुणीतरी एकदा कुरकुर केली होती आणि तिनं ती लक्षात ठेवली होती.

"तूच बोलतेस ना रेडिओवर?" तिनं विचारलं. हे तिला पक्कं माहीत होतं, तरी विचारलं.

"हो. मीच."

"मच्छीमारांनी दर्यान जाऊ नये म्हनून?"

"हो मावशी. समुद्र खवळलाय ना. आत या, भिजलात."

ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हणाली, "जाऊ नये ते आमाला कलला. आमच्या गावचा कोन जात नाय. पन जे दर्यान हायत, त्यांना काय सांगतेस?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "म्हणजे जे गेलेत—"

"गेलेत म्हनू नको!" ती इतक्या जोरात ओरडली की आई आतून धावत आली. "येतो बोलून निघालेत दोघं. येतो बोलले. तू गेलेत काय म्हनतेस?"

आई मला दंडाला धरून मागे ओढत म्हणाली, "जिभेला काही हाड आहे का तुझ्या!" आणि मावशीला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. चहा दिला. चहा निवला, तिनं हात लावला नाही. तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं ते एवढंच: वारा सुटायच्या आधी होडी निघाली होती. उरणहून तिची भावजय बंदरावर जाऊन विचारून आली. काही होड्या परतल्या होत्या, ही नव्हती. भावाकडे होडीवर टेपरेकॉर्डरवाला रेडिओ होता आणि तो संध्याकाळच्या बातम्या न चुकता लावायचा, हे तिला माहीत होतं. "बातम्या लावतो, मंग गानी," ती म्हणाली. "मंग तुजा आवाज त्याच्या कानावर परतो. त्यांना सांग, परत या म्हन. एकदा बोल."

मी समजावलं, आणि मला वाटतं जरा चढ्या आवाजात समजावलं. मी माझ्या मनाचं काही बोलत नसते. हवामानाचा मजकूर इंग्रजीत येतो, आम्ही मराठी करतो, वरचे साहेब तपासतात, मग मी वाचते. एक अक्षर इकडचं तिकडं करता येत नाही.

"मंग त्या सायबाला सांग," ती म्हणाली. तिच्या लेखी प्रश्न मिटला होता. ती उठली आणि गेली.

मला राग आला होता. साहेबाला सांग म्हणे. जसं काही साहेब माझा मामा लागतो. पण केंद्रावर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. इतके महिने मी ती ओळ वाचत होते, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये, आणि ती सगळी ओळ किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी होती. तो मुळात घरीच होता. ज्याच्यासाठी वारा खरा होता त्याला आम्ही एक शब्द सांगत नव्हतो.

त्या दिवशीचा मजकूर नेहमीचाच होता. समुद्र खवळलेला ते अति खवळलेला, किनाऱ्यावर सोसाट्याचा वारा, आणि शेवटी ती ओळ. मी मराठी करताना पुढे जोडलं: "गेलेल्यांनी परत यावे." आणि कागद ड्यूटी ऑफिसरपुढे ठेवला. ते भले गृहस्थ होते, मराठीचे पदवीधर, पान खायचे. त्यांनी वाचलं आणि तोंडातलं पान सांभाळत, डोळे मोठे करत म्हणाले, "अहो बाई, हे काय लिहिलंय? गेलेल्यांनी परत यावे? सर्वपित्री आहे का आज?"

बाजूच्या टेबलावरचे दोघं फिदीफिदी हसले. मीही हसले असते, एरवी. पण दुपारी ती उंबऱ्याशी ओरडली होती तेही हेच होतं, आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी कागद ओढून घेतला आणि "गेलेल्यांनी" खोडलं. काय लिहायचं ते पटकन सुचेना. दूरवरच्यांनी? बाहेर असलेल्यांनी? शेवटी साधंच लिहिलं: समुद्रात असलेल्यांनी परत यावे. असलेल्यांनी. आहेत ते.

"भाषा ठीक आहे आता," साहेब म्हणाले. "पण मूळ मजकुरात आहे का हे?"

नव्हतं. त्यांनी मला हवामान कार्यालयाला फोन लावायला सांगितला. तिकडचा माणूस शांत आवाजाचा, थकलेला. त्याचाही आठवडा धड गेला नसणार. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, किती दूर आहेत त्यावर आहे. काही वेळा किनाऱ्याकडे यायलाच जास्त धोका असतो. बंदराच्या तोंडाशी लाटा उंच होतात. मी परत या म्हणायचं आणि वाटेत काही झालं तर? मी नको म्हणत नाही. पण हो असंही म्हणत नाही."

मी साहेबांना तसंच सांगितलं. त्यांनी पेन घेऊन माझी ओळ शांतपणे काटली आणि खाली सही केली. दोघंही चुकत नव्हते.

बातम्या वाचताना मी चांगली असायची. स्टुडिओतला लाल दिवा लागला की माझं डोकं गार व्हायचं. त्या दिवशीही सगळ्या बातम्या नीट वाचल्या. हवामान आलं. कोकणात बऱ्याच ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, विदर्भात हवामान कोरडे. मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये. इथे थांबायचं होतं. "समुद्रात असलेल्यांनी परत यावे," मी म्हटलं. काटलेली ओळ पेनाच्या रेघेखालून स्पष्ट वाचता येत होती. मग बातम्या संपल्याचं सांगितलं आणि दिवा विझला.

काचेपलीकडे साहेब उभे होते. पान थुंकून आले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "जबाबदारी कुणाची, याचा विचार केलात?" मी म्हटलं, "नाही केला." ते म्हणाले, "मग तो आता घरी बसून करा." त्या महिन्याच्या माझ्या उरलेल्या ड्यूट्या दुसऱ्या बाईंना गेल्या.

घरी येऊन मी आईला सांगितलं. मला वाटलं होतं, आई रागावेल. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि थोड्या वेळानं, "पण तो फोनवरचा माणूस म्हणाला तसं झालं तर गं?"

तेच माझ्या मनात बसलं होतं, आणि आता ते घरात बसलं. पुढचे दिवस मी बाल्कनीत उभी राहून पाऊस बघत होते, म्हणजे खरं तर काहीच बघत नव्हते. होडी लांब कुठेतरी सुखरूप असेल आणि माझं ऐकून ती वळली असेल तर? तांडेलानं रेडिओ लावला, बाई म्हणाली परत या, त्यानं नांगर उचलला. पुढचं मी मनात येऊ देत नसे, ते तरीही येई. एरवी मी स्वतःला घाबरट समजत नाही. त्या दिवसांत मी भयंकर घाबरले होते, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण ज्यांच्यासाठी भीती वाटत होती ती माणसं मी कधी पाहिलीही नव्हती. संध्याकाळी आई रेडिओ लावायची. दुसऱ्या बाई छान वाचत होत्या, माझ्यापेक्षा सावकाश. जाऊ नये, असं म्हणून त्या थांबायच्या आणि आई रेडिओ बंद करायची. मावशीच्या गावी जाऊन विचारावं असं दोघींच्याही मनात होतं. दोघीही गेलो नाही. आई म्हणाली, "काही असेल तर कळेलच." हे वाक्य कुणाला धीर द्यायला तयार केलंय कोण जाणे.

पट्टा विरला. आधी वारा पडला, मग एका सकाळी ऊन आलं, कोवळं नाही, एकदम कडक. सगळ्या बिल्डिंगीनं जे जे ओलं होतं ते बाहेर टांगलं; कठड्यांवर गोधड्या, पायपुसणी, कुणाची पाठ्यपुस्तकंसुद्धा. मी तांदूळ निवडत बसले होते. कडी वाजली.

पुन्हा मावशीच, आणि पुन्हा वर आलेली. पण या वेळी पाटी कमरेवर होती आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. तिच्या तोंडाकडे बघूनच आईनं देवाला हात जोडले.

"आलं ना! दोघं आलं! मेले सुके खडखडीत आलं!" ती आत येऊन फरशीवर बसली आणि पाटी समोर ठेवली. "आमी हितं जिवाला घोर लावून बसलेलो, सासूनं अन्न सोरलान, नि हे कुठं व्हते म्हाईत हाय? दिघीच्या खारीन! वारा सुटायच्या आधीच भावाच्या पोटान दुखाय लागला, म्हनून आत घेतली होरी. मंग दर्या खवलला, तर तिथंच बसलं. पत्ते कुटत! बर्फ हाय, मच्छी हाय, खातंय नि पत्ते कुटतंय! मी बोलली, एक निरोप द्यायचा व्हता. तर बोलतो कसा, पाऊस व्हता ना."

आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. मग मी विचारलं, विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "रेडिओ लावला होता का त्यांनी?"

"कंचा रेडिओ! त्याचं सेल संपलं व्हतं. गानी ऐकून ऐकून संपवलान."

मला एकदम हलकं वाटलं, आणि पाठोपाठ संताप आला. म्हणजे माझं कुणीच ऐकलं नव्हतं. ती होडी माझ्यामुळे वळली नाही, बुडाली नाही, वाचलीही नाही. तिकडे खाली कोकणात, दिघीच्या खाडीत, चार माणसं पत्ते खेळत होती आणि त्यांच्यासाठी मी माझ्या ड्यूट्या घालवून बसले होते. मी म्हटलं, "मग उगाच बोलले मी."

मावशी पाटीतली पापलेटं निवडत होती. पाटीतली मोठी होती ती तिनं बाजूला काढली आणि आईच्या ताटात ठेवली. भाव बोलली नाही.

"उगाच कशाला?" ती म्हणाली. "मी ऐकला ना. शेजारनीच्या घरी बसलेली. त्या दिसान जो तो यायचा नि मनाच, हितं बसलेलीला, सांगायचा, येतील, येतील. सासू बोलली येतील. पाटील बोलला येतील. समदी मनाच बोलत व्हती. पन त्यांना या म्हनून कोन बोलला?" तिनं हातातला मासा खाली ठेवला. "तू बोललीस. मना ऐकू आला. मंग मी घरी जाऊन भात टाकला दोघांचा."

मला हुंदका आला. आवरायला गेले तर जास्तच आला. तांदळाचं ताट मांडीवर घेऊन मी तिच्यासमोर रडत होते. मावशी आईकडे बघून म्हणाली, "हिला काय झाला आता?" आणि मग ओल्या हातानंच माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाली, "गप. आता कशाला रडतेस? आलं ना घरी."